रुग्णांच्या नोंदी आणि आफ्रिकेतील एक फिरती परिषद

इतिहास लिहिणारे सर्वच जण दप्तराचा उपयोग करतात. परंतु दप्तराचा स्वतःचा इतिहास लिहिण्याचे कोणी फारसे मनावर घेत नाही. अमुक नोंदवही कोणत्या साली सुरू झाली, तिचे रकाने कोणी आखले, ती भरून वर पाठविल्यावर तिचे पुढे काय झाले, हे प्रश्न विद्वानांस क्षुल्लक वाटत असावेत. आम्हां कारकुनांना ते तसे वाटत नाहीत. आमचे अर्धे आयुष्य मासिक विवरणपत्रे भरण्यात जाते आणि उरलेले अर्धे त्यांच्याविषयी आलेल्या स्मरणपत्रांना उत्तरे देण्यात. वाचकांपैकी पुष्कळ जण प्रांताबाहेर नोकरीनिमित्त राहणारे अधिकारी आहेत. त्यांनाही या व्यवहाराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. म्हणूनच आफ्रिका खंडातील रुग्णालयांच्या नोंदी, त्या संगणकावर आणण्याची खटपट आणि त्या खटपटीसाठी देशोदेशींची माणसे एकत्र येऊ लागली त्या परिषदांची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या विद्येस इंग्रजीत ‘हेल्थ इन्फर्मेटिक्स’ म्हणतात. मराठीत आरोग्य-माहितीशास्त्र म्हणता येईल. रुग्णाची माहिती कशी टिपावी, कशी साठवावी, ती एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी न्यावी आणि तिच्यावरून निर्णय कसे घ्यावेत, हा तिचा विषय. तिची जागतिक संघटना प्रथम एका मोठ्या संस्थेच्या पोटातील समिती म्हणून १९६७ साली जन्मास आली; फ्रान्सचे फ्राँस्वा ग्रेमी हे तिचे पहिले अध्यक्ष. १९७४ साली स्टॉकहोम येथे ‘मेडिन्फो’ नावाची पहिली जागतिक परिषद भरली. १९८९ मध्ये समितीचे रूपांतर स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटनेत झाले. टोकियो, ॲमस्टरडॅम, वॉशिंग्टन, बीजिंग, सिंगापूर, जिनिव्हा अशा नगरांतून ‘मेडिन्फो’ची पालखी फिरत राहिली, आफ्रिकेच्या वाटेला मात्र ती तब्बल ३६ वर्षे गेली नाही. आफ्रिकेतील वैद्यांना व तंत्रज्ञांना आपले अनुभव सांगावयाचे तर युरोप-अमेरिकेचे विमान धरावे लागे, आणि तेथे पोचल्यावर ज्या प्रश्नांची चर्चा ऐकावयास मिळे ते प्रश्न त्यांचे नसत. ज्या रुग्णालयात दिवसातून अनेकदा वीज जाते आणि दूरध्वनी चालला तर चालला, तेथील माणसाने शेकडो संगणकांच्या जाळ्यावरील निबंध ऐकून काय करावे?

या कोंडीतून पहिली वाट निघाली ती नायजेरियातील इले-इफे येथे. योरुबा लोकांच्या समजुतीप्रमाणे पृथ्वीची उत्पत्ती याच नगरीत झाली. तेथील ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठ व त्यास जोडलेले शिक्षण-रुग्णालय यांनी १९८९ च्या सुमारास फिनलंडमधील कुओपिओ विद्यापीठाशी सहकार्य आरंभिले. दोन्ही बाजूंस पैसा बेताचाच होता. सुरुवातीस रुग्णालयाच्या नोंद-विभागात एकच लहान संगणक बसविण्यात आला. त्यावर चालणारी प्रणाली मुळात अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांसाठी सरकारी खर्चाने तयार झालेली होती, आणि म्हणूनच ती कोणासही विनामूल्य घेता येत होती. रुग्णास दाखल करणे, एका कक्षातून दुसऱ्या कक्षात हलविणे, घरी सोडणे व रोगाचे सांकेतिक नाव नोंदणे, एवढेच तिचे काम. परंतु पुढे याच कामातून इफे येथील अध्यापकांनी आपली स्वतःची रुग्णालय-प्रणाली रचली आणि तिच्या नावाच्या आरंभीच ‘मेड इन नायजेरिया’ हे शब्द घातले. त्या शब्दांत थोडा अभिमान आहे आणि थोडा प्रतिवादही. आम्हांस दोन्ही रास्त वाटतात.

या सहकार्यातील फिनिश संशोधक मिक्को कोर्पेला, इफे येथील अबिम्बोला सोरियान यांच्यासारखे अध्यापक आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सलाह मंदिल यांच्या परिश्रमांतून एप्रिल १९९३ मध्ये इले-इफे येथे आफ्रिकेतील आरोग्य-माहितीशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यपरिषद भरली. तिचे संक्षिप्त नाव ‘हेलिना’. त्याच वर्षी परिषदेतील निबंधांचा ग्रंथ निघाला. त्याच्या संपादकांत मंदिल व कोर्पेला यांच्याबरोबर पीटर बायस हे होते, ज्यांनी गांबियातील खेड्यांतून रोगांच्या पाहणीचे काम केले होते. कार्यपरिषद म्हणजे भाषणे ऐकून पांगण्याची सभा नव्हे; जमलेल्यांनी एकत्र बसून काही ठरवावे, अशी त्यात अपेक्षा असते. पुढील परिषद भरविण्याची आकांक्षा येथेच अंकुरली असली पाहिजे, कारण तीन वर्षांनी ती खरोखरच भरली.

परिषदांची स्थळे व साले क्रमाने मांडली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. इफेची परिषद एप्रिल १९९३ मध्ये झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी नायजेरियाच्या लष्करी राजवटीने १२ जूनची निवडणूक रद्द केली आणि नोव्हेंबरात सानी अबाचा सत्तेवर आले. दुसरी परिषद १९९६ साली दक्षिण आफ्रिकेत भरली. १९९४ च्या निवडणुकीपूर्वी, वर्णद्वेषी राजवटीत, नायजेरियाच्या किंवा झिंबाब्वेच्या प्रतिनिधीने तेथे सन्मानाने जाणे कल्पनेतही आले नसते. तिसरी १९९९ मध्ये हरारे येथे. पुढच्याच वर्षी झिंबाब्वेत जमिनींवरील ताब्याचे प्रकरण पेटले व देशाची घडी विस्कटली. २००३ मध्ये परिषद पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेली. २००७ च्या जानेवारीत मालीची राजधानी बामाको येथे ती भरली. पाच वर्षांनी माली यादवीत सापडला. २००९ साली आयव्हरी कोस्टमधील आबिदजान, म्हणजे एक यादवी संपल्यानंतर आणि दुसरी भडकण्यापूर्वी. ज्या देशात क्षणभर खिडकी उघडली तेथे ही मंडळी जाऊन बसली, असेच म्हणावे लागते. परिषदांमधील अंतर तीन वर्षे, तीन वर्षे, चार वर्षे, पुन्हा चार वर्षे, आणि मग दोन. हा आळस नव्हे. यजमान देशाची शांतता, बाहेरच्या देणगीदाराचा पैसा आणि दोन-चार माणसांची चिकाटी या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून याव्या लागत.

प्रवासाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील देशातून दक्षिणेकडील देशात जावयाचे तर त्या काळी अनेकदा पॅरिस किंवा लंडनमार्गे जावे लागे, इतकी खंडांतर्गत विमानसेवा तुटपुंजी. वसाहतींच्या काळात जे मार्ग पडले ते स्वातंत्र्यानंतरही राहिले. पत्रव्यवहाराची हीच अवस्था. १९९० च्या दशकारंभी बर्नार्ड लाऊन या हृदयरोगतज्ज्ञांनी स्थापिलेल्या ‘सॅटेलाइफ’ संस्थेने पृथ्वीनजीक फिरणाऱ्या छोट्या उपग्रहांच्या साह्याने आफ्रिकेतील डॉक्टरांसाठी टपाल सुरू केले. त्यासाठी १९९३ साली ‘हेल्थसॅट-२’ हा उपग्रह सोडण्यात आला. तो डोक्यावरून जाई तेवढ्या मोजक्या मिनिटांत निरोप चढवावयाचे व उतरवावयाचे. अशा दिवसांत चार दिवस एका छपराखाली बसून बोलणे यास किती किंमत असेल, हे आज सहज कळणार नाही. परमुलखात राहून वर्षातून एकदा मंडळाच्या अधिवेशनास जमणाऱ्या आमच्या वाचकांना कदाचित कळेल.

आता नोंदींकडे वळू, कारण अखेर परिषद म्हणजे नोंदींविषयीच बोलणे. १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत लोकशाही आली तेव्हा तेथे आरोग्याची एकूण १४ खाती होती. गोरे, मिश्रवर्णीय व भारतीय यांची वेगळी, प्रत्येक ‘स्वदेशभूमी’चे वेगळे, आणि या सर्वांवर एक सर्वसाधारण खाते. प्रत्येकाचे तक्ते निराळे, व्याख्या निराळ्या, वयोगट निराळे. एका जिल्ह्यात किती बालकांना लस टोचली या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणाही जवळ नव्हते, कारण जिल्हा असा नव्हताच. होती ती वर्णांनुसार पाडलेली वाटणी. वर्णभेद कायद्यात असतो, वस्तीत असतो, तसा तो छापील नमुन्याच्या रकान्यातही असतो, हे आम्हांस या प्रकरणावरून प्रथम उमगले.

केपटाऊन येथील दोन विद्यापीठे व नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठ यांच्याशी संबंधित मंडळींनी तेथे जी मोहीम हाती घेतली तिच्या अग्रभागी योर्न ब्रा व काल्ले हेडबर्ग हे होते. त्यांनी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे माहिती कमी करणे. वरिष्ठांना जे जे हवे ते सर्व मागवावयाचे नाही. दवाखान्यातील परिचारिकेला स्वतःच्या कामासाठी जे उपयोगी पडेल तेवढेच ठेवावयाचे. आणि सर्वांनी मान्य केलेला तो लहानसा संच सर्वत्र सारखा ठेवावयाचा. जिल्ह्याला किंवा प्रांताला आणखी काही हवे असल्यास त्याने ते आपल्यापुरते जोडावे, दुसऱ्याच्या माथी मारू नये. या विचारावर ‘जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली’ नावाचा कार्यक्रम १९९८ च्या सुमारास तयार झाला आणि पुढील काही वर्षांत तो देशभर गेला. आपल्याकडील कार्यालयांत नवा तक्ता सुरू झाला म्हणून जुना बंद झाल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही. म्हणून या मंडळींचे धैर्य आम्हांस विशेष वाटते.

दुसरी कथा केनियाची. एल्डोरेट येथील मोई विद्यापीठ व अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्यातून मोसोरिओत या ग्रामीण आरोग्यकेंद्रात २००१ साली एक साधी संगणकीय नोंद सुरू झाली. ती सुरू होण्यापूर्वी व नंतर कोणाचा किती वेळ कशात जातो याची मोजणी करण्यात आली आणि ती २००३ साली जोसेफ रोतिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. रुग्णाच्या एकूण खेपेचा वेळ २२ टक्क्यांनी घटला आणि ताटकळण्याचा ३८ टक्क्यांनी. पण उपचार करणाऱ्यांजवळ रुग्ण जो वेळ घालवी तोही ५८ टक्क्यांनी कमी झाला. कर्मचाऱ्यांचे आपसांतील बोलणे घटले, आणि त्यांचा खासगी कामांत जाणारा वेळ मात्र वाढला. संशोधकांनी ही शेवटची गोष्ट झाकून ठेविली नाही, याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. वाचलेला वेळ रुग्णाकडे आपोआप जात नाही, हे यंत्राच्या विक्रेत्यांनी कधी सांगितले नसते.

याच कामातून पुढे ‘ओपन-एमआरएस’ ही सर्वांस खुली असणारी रुग्णनोंद-प्रणाली निघाली. पॉल बायोंडिक व बर्क मॅमलिन हे २००४ साली एल्डोरेटला गेले व एचआयव्हीच्या वाढत्या रुग्णसंख्येपुढे जुनी व्यवस्था अपुरी पडणार हे त्यांनी पाहिले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील ‘मेडिन्फो’ परिषदेत त्यांची हेमिश फ्रेझर यांच्याशी गाठ पडली. तेही गरीब देशांतील रुग्णनोंदींवर काम करीत होते. दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस सीब्रेग्ट्स हेही लवकरच या कामात सामील झाले. २००६ मध्ये ती प्रणाली प्रथम केनियात आणि नंतर रवांडातील र्‍विंक्वावू येथे चालू झाली. आफ्रिकेसाठी काम करणाऱ्या माणसांची भेट व्हावयास कॅलिफोर्नियात जावे लागले, यात जो विपर्यास आहे तो इले-इफेच्या मंडळींना ठाऊकच होता.

फ्रेंचभाषिक आफ्रिकेकडे परिषद उशिरा वळली. पहिल्या चारही बैठका इंग्रजी चालणाऱ्या देशांत झाल्या. बामाको येथील बैठकीने ही उणीव भरून काढली, आणि त्यास कारणही तसेच होते. मालीत २००१ पासून जिनिव्हाच्या रुग्णालयाच्या साह्याने दूरवैद्यकाचे जाळे उभे राहिले होते. बंबारा भाषेतील ‘केनेया ब्लोन’, म्हणजे ‘आरोग्याची ओसरी’, हे त्याचे मूळ नाव. शेख उमर बागायोको हे तेथील अध्वर्यू. या जाळ्यातून दर आठवड्यास वैद्यकीय व्याख्याने अगदी क्षीण जोडणीवरून दूरदूरच्या रुग्णालयांना ऐकविली जात. व्याख्याने पुढे केवळ जिनिव्हाहून न येता आफ्रिकेतील नगरांतूनच दिली जाऊ लागली, हे त्यातील मर्म. आपल्या माणसाला व्यासपीठ मिळाले की शंका विचारणाऱ्याची भीड कशी चेपते, हे शिक्षकी पेशातील वाचक जाणतात.

२०१० च्या सप्टेंबरात अखेर ‘मेडिन्फो’च आफ्रिकेत आली. स्थळ केपटाऊन. त्याच वर्षी त्या देशात जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली असल्याने जगाने या परिषदेकडे लक्ष दिले नाही, पण हेलिनाच्या दृष्टीने तो मोठा प्रसंग होता. आजवर हेलिना म्हणजे केवळ परिषदांची मालिका होती. कायमचे कार्यालय नाही, सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही. एक परिषद उलटली की पुढील परिषदेपर्यंत ती अस्तित्वात आहे किंवा नाही हेच सांगता येत नसे. जागतिक संघटनेत प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय संस्थेमार्फत यावयाचे असते. आफ्रिकेतील बहुतेक देशांत अशी संस्थाच नव्हती. केपटाऊननंतरच्या वर्षांत हेलिनास नियमबद्ध संघटनेचे रूप देण्यात आले. कॅमेरून, माली, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका असे देश तीत आले. २०१३ साली इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांत निबंध घेणारे तिचे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्या वर्षातील मजकुराचा मोठा भाग म्हणजे त्याच साली एल्डोरेट येथे भरलेल्या परिषदेतील निबंध होते. २०१४ ची परिषद अक्रा येथे ऑक्टोबरात योजिली होती. तेव्हा शेजारील लायबेरिया, सिएरा लिओन व गिनी हे देश इबोलाने हवालदिल झाले होते, आणि संयुक्त राष्ट्रांनी इबोलाविरुद्ध उभारलेल्या मोहिमेचे मुख्य ठाणेही अक्रा हेच होते. रोगी किती, मृत किती आणि ते कोठे, हा प्रश्न त्या दिवसांत शास्त्रीय चर्चेचा राहिला नव्हता.

इतके झाल्यावर परिषदांनी नेमके काय साधले, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे मत असे की, तंत्र परिषदांनी आणले नाही. ते विद्यापीठांतून, दवाखान्यांतून आणि देणगीदारांच्या पैशातून आले. २००३ नंतर एचआयव्हीसाठी अमेरिकेचा पैसा पुराप्रमाणे येऊ लागला, आणि प्रत्येक देणगीदाराने आपापला प्रायोगिक संगणक-प्रकल्प आपापल्या जिल्ह्यात मांडला. एकाच दवाखान्यात तीन संस्थांचे तीन संगणक आणि त्यांतील एकाचेही दुसऱ्याशी बोलणे नाही, असे दृश्य दुर्मीळ नव्हते. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने अखेर जानेवारी २०१२ मध्ये आदेश काढून असे सर्व नवे प्रयोग थांबविले. परिषदांमुळे हा गोंधळ टळला नाही. मात्र ‘नाही’ म्हणण्यासाठी जी माणसे लागतात, तज्ज्ञाच्या भाषेत बोलू शकणारी, शेजारच्या देशात काय फसले हे ठाऊक असणारी, आणि परक्या सल्लागारासमोर न दबणारी, ती अशा बैठकांतून हळूहळू तयार होतात. इफेच्या मंडळींनी बीज पेरले ते याचे. या परिषदांवर होणारा खर्च व्यर्थ आहे असे म्हणणारेही आहेत. त्यांनी १९९३ पूर्वीची शांतता आठवावी.

या इतिहासात आपल्या देशाचाही एक धागा आहे. केपटाऊन येथे जन्मलेली जिल्हा-प्रणाली ऑस्लो येथे पुन्हा नव्याने लिहिली गेली, आणि तिची ही दुसरी आवृत्ती २००६ साली जगात प्रथम वापरात आली ती केरळात. तिरुवनंतपुरम येथे नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कोणाच्या नजरेस तेव्हा तेथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील हे तक्ते पडलेही असतील. केरळातून ती सिएरा लिओनला, आणि २०११ साली केनियात गेली. तेथे ती संपूर्ण देशभर एकाच मध्यवर्ती ठिकाणाहून चालू झाली. आज सत्तरांहून अधिक देशांत ती आहे. त्याचप्रमाणे एल्डोरेटच्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या ओपन-एमआरएसवर ‘बाह्मनी’ ही रुग्णालय-प्रणाली आपल्याकडे रचली गेली, आणि तिचा आरंभ छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जनस्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात झाला. आफ्रिका शिकणारी व इतर शिकविणारे, ही समजूत निदान या क्षेत्रात टिकत नाही.

एक मोठे काम मात्र बाकी आहे. खंडातील अनेक देशांत बहुसंख्य मृत्यूंची कोठेच नोंद होत नाही; मरणाचे कारण लिहून देणारा डॉक्टर तर त्याहूनही विरळा. बायस यांनी पुढे आपले बरेचसे आयुष्य या एका गोष्टीस वाहिले. घरच्या माणसांना ठराविक प्रश्न विचारून मृत्यूचे संभाव्य कारण काढण्याची जी रीत आहे, तिच्यासाठी त्यांनी गणिती पद्धत तयार करून ती सर्वांस मोफत दिली. २०२० साली त्यांचे निधन झाले. इफेच्या पहिल्या ग्रंथाच्या संपादकांपैकी ते एक होते, हे वर आलेच आहे.

२०१८ साली नैरोबी व २०१९ साली गॅबोरोन येथे हेलिना भरली. आणि गॅबोरोननंतर काही महिन्यांतच कोरोनाने सगळ्याच सीमा बंद केल्या. इंग्रजी व फ्रेंच या भाषांचा सांधा एव्हाना बराच जुळला आहे. पोर्तुगीज बोलणारे अंगोला व मोझांबिक आणि उत्तरेकडील अरबीभाषिक देश अद्याप कडेला बसलेले दिसतात. मोझांबिकमधील आरोग्य-कर्मचाऱ्यांसाठी केपटाऊनची ती पहिली जिल्हा-प्रणाली पोर्तुगीजमध्ये उतरविली गेली, त्यासही आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातील मंडळी ते काम पुढे चालवीत आली आहेत, आणि परिषदेत मात्र त्यांना आपला निबंध आजही परभाषेतच वाचावा लागतो.